रंगाखालचे कुंकू

चाकणच्या बाजारातून झेंडूची पोती भरलेले टेम्पो नाशिक रस्त्याने भोसरीकडे निघाले, की मला कॅलेंडर पाहावे लागत नाही. आश्विनातल्या उन्हाचे आमच्या भागात एक वेगळेच वागणे असते. सकाळी त्याला कमरेएवढ्या वाढलेल्या गवताचा ओलसर वास येतो आणि बारानंतर तेच ऊन पत्र्याच्या छपरांवरून थेट कपाळावर उतरते. कारखान्यांच्या दारांशी फोडलेले कोहळे त्या उन्हात वाळू लागतात, यंत्रांच्या चाकांना माळा चढतात, आणि फुले, मशीनचे तेल व उदबत्ती यांचा मिळून एक वास पिंपरीपासून महाळुंग्यापर्यंत पसरतो. ह्या वासाला मी चाळीसएक वर्षे सण म्हणत आलो. गेल्या वर्षापासून मला तो पुराव्याचा वास वाटतो.

हे वाक्य मी रागाच्या भरात लिहिलेले नाही. राग आहे, तो मी नाकारत नाही. पण माझ्या सवयीप्रमाणे हा मजकूर दोनदा कच्चा लिहून, खोडून, मग स्वच्छ केला आहे, आणि त्यातला प्रत्येक शब्द मला मान्य आहे.

आमच्या कंपनीत खंडेनवमीला दुपारनंतर काम होत नसे. सकाळी यंत्रे रॉकेलने धुऊन लख्ख केली जात. टूलरूममध्ये लांब टेबलावर पांढरे कापड अंथरून त्यावर हातोड्या, कानशी, मापे, पाने आणि लोखंडावर आकडे ठोकण्याचे पंच ओळीने मांडले जात. प्रत्येकाला हळदकुंकू लागे. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत येण्याची मुभा असे. वर्षभर ज्या यंत्राविषयी घरात नुसते ऐकलेले असायचे, ते यंत्र नवरा बायकोला दाखवायचा. एकदा एका बाईने प्रेस मशीनसमोर हात जोडून, "ह्यांची बोटं सांभाळ," असे पुटपुटलेले मी ऐकले आहे. ती प्रार्थना मला आजही कुठल्याही स्तोत्रापेक्षा नेमकी वाटते.

पूजा झाली की दसऱ्याची सकाळ उजाडेपर्यंत कोणी हत्यार उचलायचे नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. कंपनीच्या स्थायी आदेशांचा मसुदा माझ्या हातचा होता, त्यामुळे तो त्यात नव्हता हे मी शपथेवर सांगू शकतो. लिहिलेले एकूण एक नियम माझ्या डोळ्यांदेखत मोडले गेले. हा न लिहिलेला नियम मोडल्याचे एकही प्रकरण माझ्या टेबलावर आले नाही.

माझे टेबल कार्मिक विभागात होते. कामगारांवरची आरोपपत्रे तयार करणे, चौकशा चालवणे, साक्षी नोंदवणे, हे माझे काम. अशाच एका चौकशीत विष्णू माझ्या आयुष्यात आला. उदगीरकडचा, टूलरूममधला फिटर, डाव्या हाताचे पहिले बोट अर्ध्यावर तुटलेले. तपासणीत नापास झालेल्या एका मापावर कोणीतरी पास झाल्याचा आकडा ठोकला होता आणि ज्याच्यावर संशय होता तो कामगार ठामपणे नाकारत होता. विष्णूला मी साक्षीला बोलावले. त्याने ते माप उजेडाकडे धरले, आकड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ह्येचाच हात हाय."

"कशावरून?" मी विचारले.

"साहेब, पंच म्हंजे सही असती. कागदावर माणूस जपून सही करतो. लोखंडावर हातोडा पडला की कसली जपणूक? ह्येचा आकडा खालच्या अंगाला खोल जातो. ह्यो हातोडा वाकडा मारतो." मग स्वतःचा तुटक्या बोटाचा पंजा पुढे करून तो म्हणाला, "माझं बघा. ह्या बोटामुळं मला पंच मधल्या बोटानं धरावा लागतो. माझा सात कायम उजवीकडं झुकतो, दारू प्यायल्यावानी. मी चोरी केली तर तुमाला साक्षीदारसुद्दा लागायचा न्हाई."

चौकशी पूर्ण झाली. आरोप सिद्ध झाला. तो कामगार गेटाबाहेर गेला. दोन दिवस विष्णू कँटीनमध्ये जेवला नाही. तिसऱ्या दिवशी ताट घेऊन तो सरळ माझ्या समोर येऊन बसला. "तुमी कायद्यानं केलं, मी लोखंडानं केलं. दोघांचा वाटा सारखा. आता चहा पाजा, वकील." मी वकील नाही, कधीच नव्हतो. पण त्या दिवसापासून त्याच्यापुरता झालो.

माझ्या गाडीविषयी आता लिहायला हवे. ती साठीच्या दशकातली, लहान बांध्याची, गोल पाठीची. दापोडीच्या एका वृद्ध डॉक्टरांकडून मी ती घेतली तेव्हा माझी मुलगी शाळेत जायची होती. लोकांना अशा गाडीचा रंग आठवतो, हॉर्न आठवतो. मला तिचा चॅसिस क्रमांक आठवतो. इंजिनाच्या उजव्या बाजूने चॅसिसचा जो पोकळ लोखंडी दांडा जातो, त्यावर परदेशातल्या कुठल्या तरी कारखान्यात, कुठल्या तरी अनोळखी हाताने ठोकलेले ते आकडे. त्यात दोन सात आणि एक चार. ते मला तोंडपाठ आहेत. माणसाचे नाव बदलता येते, पत्ता बदलतो, गाडीचे इंजिनसुद्धा बदलता येते. कायद्याच्या दृष्टीने गाडी म्हणजे अखेर तो क्रमांक. तो जिथे आहे तिथे गाडी आहे. तो पुसला, की उरलेले सगळे भंगार.

मुलगी मोठी झाली, परदेशी गेली. पत्नी गेली. गाडी राहिली. तीन वर्षांपूर्वी तिच्या इंजिनाला मोठी चीर गेली आणि सुटे भाग मिळण्याची आशा संपली. तेव्हा विष्णूनेच सुचवले की नव्या जमान्याचे इंजिन बसवू. कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्याने चाकणच्या पुढे तळेगाव रस्त्याला एका शेडमध्ये स्वतःचे काम सुरू केले होते. मी मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमाखाली रीतसर अर्ज केला, चार स्मरणपत्रे पाठवली, परवानगी मिळवली. अपघातात चेपलेल्या एका छोट्या गाडीचे इंजिन त्याच्या कागदपत्रांसह विकत घेतले. मग विष्णूला एक पत्र दिले. पत्रात सात मुद्दे होते. पाचवा मुद्दा अधोरेखित होता: चॅसिस क्रमांक असलेल्या दांड्याच्या भागास कोणत्याही परिस्थितीत कापणे, घासणे, तापवणे अथवा वेल्डिंग करणे वर्ज्य आहे.

"समोर बसून बोलायलाव आणि वर पत्र कशापायी?" विष्णू हसला.

"सही कर."

त्याने तेलकट बोटांनी पेन घेतले आणि तळाशी लिहिले: वाचले. विष्णू.

काम गेल्या वर्षी पितृपक्षात सुरू झाले. त्या पंधरवड्यात कोणी नवी गाडी बाहेर काढत नाही, नवे काम देत नाही, त्यामुळे त्याची शेड रिकामी होती. मी रोज सकाळी पिंपळे गुरवहून बसने निघून, मोशीला बस बदलून, डबा घेऊन तिथे जात असे. ते दिवस मी विसरू शकत नाही, आणि विसरता आले असते तर फार बरे झाले असते. शेडच्या मागे बाजरी कापायला आली होती. पत्र्यावर पोपट उतरत. साखळीच्या कप्पीला लटकलेले इंजिन उन्हात सावकाश फिरत असे आणि विष्णू त्याच्याखाली उकिडवा बसून मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कात्रीने कापत असे. आधी पुठ्ठ्याचा ब्रॅकेट, मग लोखंडाचा. पुठ्ठा चुकला तर फेकता येतो, असे तो म्हणे.

जुन्या गाडीत नवे इंजिन बसवणे म्हणजे उचलून आत ठेवणे, असे मला वाटले होते. ते आत मावलेही. पण ज्या खांद्यांवर जुने इंजिन टेकत होते तिथे नव्याला हातच नव्हते, आणि नव्याचे हात जिथे होते तिथे गाडीला खांदे नव्हते. इंजिनाखालची तेलाची टाकी आडव्या लोखंडाला घासत होती. ती उचलली तर पंखा रेडिएटरला लागत होता. पंखा सुटला तर मागे गिअरबॉक्स वाकडा होत होता. विष्णू एका बाजूला दोन सूत वर घेई, दुसऱ्या बाजूला एक सूत खाली, आणि मग कितीतरी वेळ नुसता बघत बसे.

पहिल्यांदा इंजिन चालू केले तेव्हा मडगार्डवर ठेवलेला माझा चहाचा ग्लास स्वतःहून चालत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. जागेचे मालक तानाजीशेठ, मूळचे तिथल्याच गावातले, सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून आमची मजा बघत. ते म्हणाले, "राव, गाडी हाय का चाळण? गहू घालून बघा, खडं निघत्याल."

विष्णूने ग्लास उचलला नाही. तो कान लावून ऐकत होता. "रबर चुकलंय," तो म्हणाला. "हे इंजन आधीच्या गाडीत आडवं बसत होतं. त्येच्या रबराला आडव्या झटक्याची सवय. आपण त्याला उभं केलंय. आता पीळ दुसरीकडून येतोय आणि रबराला कळंनाच कुठून सोसायचं."

मी म्हणालो, रबर काढून सरळ लोखंडाला लोखंड घट्ट आवळून टाक.

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी चौकशीशिवाय कोणाला तरी बडतर्फ करा म्हणालो होतो. "वकील, इंजन बांधायचं नसतंय. बसवायचं असतंय. त्येला थरथरू द्यायचं, पण जागा सोडू द्यायची न्हाई. आवळलं तर ते गप बसंल, आणि सहा महिन्यांत तुमची गाडी फाटंल."

त्याने हलक्या मालवाहू टेम्पोचे रबर आणले. ब्रॅकेटच्या कोनात त्रिकोणी आधार भरला. डावी बाजू शांत झाली. उजवी होईना. दोनदा ब्रॅकेट बदलला, दोनदा वेल्डिंगला केसासारखी चीर गेली. ब्रॅकेटमध्ये दोष नव्हता. तो ज्या दांड्याला धरून होता तोच दांडा आत दबत होता. साठ वर्षांचे पावसाचे पाणी त्या पोकळ दांड्यात शिरून त्याला आतून खात बसले होते. वरून रंग, आतून चाळण. तो सडलेला वीतभर भाग नेमका माझ्या पाचव्या मुद्द्यातला होता.

हे सगळे मला आता कळले आहे. तेव्हा विष्णूने मला सांगितले ते एवढेच: "अष्टमीपासनं तुमी येऊ नका. दसऱ्याला सकाळी या, गाडी घेऊन जावा."

दसऱ्याच्या सकाळी गाडी शेडबाहेर उभी होती. बॉनेटवर झेंडूची माळ, काचेवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबे. विष्णूने इंजिन चालू केले आणि बॉनेटवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला. पाण्यावर बारीक वर्तुळे उठत होती, पण एक थेंबही बाहेर आला नाही. तानाजीशेठ खुर्चीतून उठले. "आयला विष्णू! हिला पाळण्यात घातलीस की रं," ते म्हणाले. मी आयुष्यात फार थोड्या माणसांना मिठी मारली आहे. त्या सकाळी तेलाच्या डागांसकट विष्णूला मारली. तो ताठ उभा राहिला. मला वाटले, लाजला.

चाकण ते पिंपळे गुरव. मोशीचा चढ, भोसरीचा उड्डाणपूल, रस्त्याच्या दोन्ही कडांना आपट्याच्या डहाळ्या विकणाऱ्या बायका. खिडकीची काच खाली होती. सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या रिक्षावाल्याने अंगठा उंचावला. तो तासभर मला अजून परत करता आलेला नाही. ज्या सुखाचा आधारच खोटा होता ते सुख खोटे ठरवावे, तर ते अंगात अजून तसेच आहे. खरे मानावे, तर माझी फसवणूकही मान्य करावी लागते. इतक्या चौकशांमध्ये असे प्रकरण माझ्यासमोर आले नव्हते.

चार दिवसांनी मी परिवहन कार्यालयाच्या तपासणीचा अर्ज भरायला बसलो. अर्जावर चॅसिस क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घ्यायचा असतो: आकड्यांवर कागद ठेवून वरून शिसे घासायचे. रंग जाड बसला होता, म्हणून मी रॉकेलचा बोळा फिरवला. ताजा काळा रंग सहज सुटला. आणि सातच्या आकड्याच्या तळाशी, रंगाच्या खाली, लाल दिसले.

पहिल्यांदा वाटले, गंज. नखाने खरवडले. बोटावर आले ते कुंकू होते.

मी तिथेच पार्किंगच्या जमिनीवर बसलो आणि बाजूने व विरुद्ध युक्तिवाद करू लागलो. दसऱ्याच्या पूजेत उडाले असेल. पण मग ते रंगाच्या वर असायला हवे. आधीच्या वर्षीचे असेल. पण इंजिनाच्या खोलीत आत, दांड्यावर, कोण कुंकू लावतो? म्हणजे रंग लागण्यापूर्वी, आकड्यांच्या आतच, कुंकू गेले होते. आकडे ठोकणाऱ्या पंचाच्या तोंडाला ते लागलेले होते. पंचाच्या तोंडाला कुंकू वर्षातून एकाच दिवशी लागते.

कागद ठेवून शिसे घासले. दोन्ही सात उजवीकडे झुकले होते.

माझ्या फाइलमध्ये नोंदणीच्या मागच्या नूतनीकरणाच्या वेळचा ठसा होता. त्यातले सात शिपायासारखे सरळ उभे होते. दोन्ही कागद मी मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. साक्षीदार लागला नाही.

मी शेडवर पोहोचलो तेव्हा तानाजीशेठ नेहमीप्रमाणे खुर्ची टाकून बसले होते. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "काय वो, पुन्हा चाळण झाली का?" मी आत गेलो. विष्णूसमोर दोन्ही ठसे ठेवले. त्याने ते पाहिले. तो खाली बसला. तानाजीशेठ उठून बाजरीच्या बाजूला निघून गेले. गावच्या माणसांना अशा वेळा ओळखता येतात.

"दांडा आतून संपला होता, वकील," विष्णू म्हणाला. "तिथं ब्रॅकेट टिकतच नव्हता. वीतभर कापून नवी पट्टी घातली. दुसरा इलाज नव्हता."

"ते मी समजू शकतो. क्रमांक कोणी ठोकला?"

त्याने दोन्ही ठसे उलटे करून ठेवले.

"नवमीला ठोकलास. पूजा झाल्यावर."

"अष्टमीला माझे दोन्ही कारागीर हिथंच होते. नवमीला सुट्टी. दसऱ्याला सकाळी तुमी येणार." तो हाताच्या पंजाकडे बघत होता. "पूजेतला पंच उचलला मी. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. हातोडा मारताना हात असा गार पडला होता का सांगू..."

"तुझ्या गार हाताशी मला कर्तव्य नाही. हा गुन्हा आहे, विष्णू. मी खोट्या क्रमांकावर सही करायला निघालो होतो. माझी सही! मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

"अर्ज केला असता! क्रमांकाचा भाग खराब झाला तर परवानगीने तो पुन्हा ठोकून घेण्याची रीत आहे. एक अर्ज, सोबत कापलेला तुकडा. एवढंच लागलं असतं."

विष्णूने मान वर केली. आश्चर्य वाटल्यासारखे त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते मी कधीही विसरणार नाही. ती भीती होती, जुनी, रुळलेली.

"अशी रीत हाय हे मला काय म्हाईत?" तो म्हणाला. "मला तुमचं एकच पत्र म्हाईत हाय, वकील. ज्येच्या नावानं निघतं त्यो गेटाभाईर जातो."

मी विचारले, कापलेला तुकडा कुठे आहे. "टाकला," तो म्हणाला. मी निघालो. त्याने थांबवले नाही.

माझा विश्वासघात झाला, हे मी तेव्हापासून ज्याला त्याला सांगत आलो आहे. सांगताना माझा आवाज चढतो, मुद्दे बिनचूक येतात. सही करून दिलेली अट मोडली. माझ्यापासून लपवले. बनावट क्रमांकाची गाडी माझ्या हाती देऊन, माझी मिठी घेतली. यातला एकही आरोप ढिला नाही. पण विष्णूचे ते शेवटचे वाक्य कुठल्या आरोपाखाली घालायचे हे मला वर्षभर सुचले नाही. एका टेबलाशी जेवू लागलो त्याला चाळीस वर्षे होत आली. मुलीच्या लग्नात मांडव त्याने उभारला. पत्नीच्या आजारपणात रक्त त्याने दिले. आणि ह्या सगळ्या काळात, माझे पत्र त्याच्या बाजूनेही निघू शकते, हे त्या माणसाच्या मनात एकदाही आले नव्हते. त्याने मला फसवले चार दिवस. ही समजूत मात्र तो रोज माझ्यासमोर बसून बाळगत होता. कोणाचा विश्वास कोणी गमावला, हे ठरवायला बसलो की माझा मसुदा तिसऱ्या परिच्छेदात अडतो.

तपासणीची वेळ मी रद्द करून घेतली. गाडीवर ताडपत्री घातली. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या सचिवांनी 'बेवारस वाहन हटवणेबाबत' सूचना लावली. त्यांना मी तीन पानी उत्तर दिले, त्यानंतर ते जिन्यात भेटले तरी खाली बघून जातात. आठवड्यातून एकदा ताडपत्री काढून मी इंजिन चालू करत असे. रस्त्यावर नेण्याचा मला हक्क नव्हता, पण जागेवर चालू करण्यास मनाई करणारे कलम मला सापडले नाही. बॉनेटवर पेला ठेवत असे. पाणी सांडत नसे. वर्ष झाले, तिन्ही ऋतू उलटले, एका वेल्डिंगला चीर नाही. इतके सच्चे काम त्याने आयुष्यात केले नसेल. मला त्याचा अधिकच संताप येई.

या वर्षीची खंडेनवमी. दुपारी दोनच्या सुमारास शहराचा आवाज बदलला. भोसरीकडून दिवसरात्र येणारी घणांची धडधड एकेक करून थांबत गेली. घरी मी पाटावर दोन ग्रंथ, कायद्याची पुस्तके आणि माझे शाईचे पेन मांडले होते. आमच्या घरी वडिलांपासूनची पद्धत: त्या दिवशी विष्णूची माणसे हातोडा उचलत नाहीत, तसा आम्ही पेन उचलत नाही. पेनाला मी कुंकू लावले, फूल वाहिले.

तीन वाजता तानाजीशेठ दारात उभे. हातात पेढ्यांचा पुडा आणि वर्तमानपत्रात बांधलेले काहीतरी जड.

"विष्णूनं दिलंय," ते म्हणाले. "आन निरोप हाय. पत्रात माझं नाव घाला म्हनला."

"कोणत्या पत्रात?"

"आता त्ये तुमालाच ठावं. आमी आपलं पोस्टमन." मग दारातूनच वळून म्हणाले, "वकीलसाहेब, येक बोलू का? वर्षभर त्यानं पंच वापरलं न्हाई. नंबर ठोकायचा आसला की दुसऱ्याकडं धाडतो. म्या म्हनलं, आरं येड्या, पंचाचा काय गुन्हा?"

ते गेल्यावर मी वर्तमानपत्र सोडले. आत माझेच सात मुद्द्यांचे पत्र होते, तेलाने पिवळे पडलेले, तळाशी 'वाचले. विष्णू.' त्या पत्रात गुंडाळलेला वीतभर लोखंडाचा तुकडा. एका अंगाने गंजून पापुद्रे सुटलेले, दुसऱ्या अंगावर ते आकडे. सरळ उभे सात. त्याने तो टाकला नव्हता. म्हणजे तेव्हाही तो माझ्याशी खोटे बोलला होता. आणि आता, त्याच्याविरुद्धचा एकमेव भक्कम पुरावा, त्याने स्वतः माझ्या घरी पाठवला होता. परवानगी मागायची तर हा तुकडा जोडावा लागणार. तुकडा जोडला की तो कोणी कापला आणि दांड्यावर आज असलेले आकडे कोणी ठोकले, हे लिहावे लागणार. नाव न घालता अर्ज करता आला असता. कर्मणी प्रयोगात जगातला कोणताही गुन्हा कर्त्यावाचून लिहिता येतो: भाग कापला गेला, क्रमांक ठोकला गेला. मी आयुष्यभर कनिष्ठ कारकुनांच्या मसुद्यांतली असली वाक्ये लाल शाईने खोडली आहेत.

मी तुकडा पाटावर, पुस्तकांशेजारी ठेवला. मग पेन उचलले.

वडिलांना हे आवडले नसते. मला स्वतःलाही आवडले नाही. हात गार पडला होता, हे मी इथे नोंदवतो. अर्जाच्या दुसऱ्या परिच्छेदात मी विष्णूचे पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासह, आणि त्याने काय केले ते साध्या कर्तरी वाक्यांत लिहिले. दांडा सडलेला होता हे लिहिले. हे सगळे त्याने आपणहून, पुराव्यासह, कळवले हेही लिहिले. जो पकडला जातो आणि जो स्वतः येऊन उभा राहतो त्यांना कायदा एकाच मापाने मोजणार नाही, असे मी मानत आलो आहे. ते खरे आहे का, हे आता दुसऱ्याच्या नावावर मला कळणार आहे. अखेरीस विनंती केली की परवानगी मिळाल्यास मूळ क्रमांक कार्यालयासमक्ष, याच कारागिराच्या हातून ठोकून घेण्यात यावा. अशा विनंतीची तरतूद कुठेही नाही. मी शोधली.

सही करताना पेनाचे कुंकू बोटाला लागले आणि विष्णूच्या नावाशेजारी कागदावर उमटले. डाग पडलेला कागद मी आजवर कुठल्याही कार्यालयाला पाठवलेला नाही. तो अर्ज तसाच, तुकड्यासह, दसऱ्यानंतर पोचपावतीच्या रजिस्टरने गेला. हे क्षमापत्र नाही. माझा राग पूर्ववत आहे. अर्जात त्यासाठी रकाना नव्हता, एवढेच.

नियमाप्रमाणे एक प्रत माहितीसाठी विष्णूला पाठवली. कार्यालयाचे उत्तर अजून यायचे आहे. प्रत मात्र परवा तानाजीशेठांच्या हाती परत आली. तळाशी तेच तेलकट अक्षर होते: वाचले. विष्णू. आणि त्याखाली, मागच्या वेळी नसलेली एक ओळ: सात सरळ येईल याची हमी नाही.

प्रत मी फाइलला लावली आहे. फोन केलेला नाही.